वाट भाड्यानं दिली नव्हती

हणमंत दाराला कडी ठोकत होता. बाहेरून.

मी चुलीपुढून उठून आले तर पोरगं तोंडात खिळे धरून हातोडा हाणत होतं. खोलीच्या आत माझा नवरा भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत बसला होता. परक्याच्या घरी सुतारकाम चाललंय आणि आपण सहज बघायला थांबलोय, असं.

"ह्ये काय चाललंय?"

"कडी बसवतुया."

"कडी आतनं असती."

"आये, आता तू सुरू करू नगंस." त्यानं खिळे हातात घेतले. "परवा आबा सडकंवर ट्रकच्या म्होरं उभा होता. डायवरनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. 'हे आजोबा कोणाचे आहेत, ओळख पटल्यास कळवा.' साऱ्या तालुक्यात फिरला. पतसंस्थेत सायबानं मला दाखवला. म्हनला, खरात, हे तुमचे वडील ना?"

"मग? न्हाई म्हनलास का काय?"

"आये!"

"इचारलं. फोटो बगून लाज वाटली म्हनतोस, म्हनून इचारलं."

त्यानं उरलेला खिळा एका दणक्यात आत घातला. आतून म्हातारा म्हणाला, "चांगला हात बसलाय तुजा. कुनाचा रं तू?"

हणमंतनं दार ओढून घेतलं. कडी घातली, हातोडा उचलला आणि गाडीला किक मारून म्हसवडला कामावर गेला.

माझ्या नवऱ्याचं नाव म्हाकू खरात. माण तालुक्यातल्या शेरेमाळावर आमची धनगराची वस्ती. म्हाकूनं जन्मभर मेंढरं राखली. हणमंत नोकरीला लागला, घर पक्कं झालं, तसा कळप विकला. चार शेळ्या मी हट्टानं ठेवल्या. कळप गेला आणि त्याच्या मागोमाग म्हाताऱ्याचं डोकं जायला लागलं. आधी नातवंडांची नावं गेली. मग जेवलो का नाही ते गेलं. मग मी गेले. मला तो 'बाई' म्हणायला लागला. "बाई, पानी देता का?" असं, पाहुण्यासारखं. जिच्याशी उभा जन्म भांडला तिला अहो-जाहो! साताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, मेंदू वाळत चाललाय, ह्यावर औषध नाही.

पाय मात्र वाळले नव्हते. उजाडलं की घोंगडी खांद्यावर, काठी हातात आणि म्हातारा चालू. कधी कुणी ओढ्यातून आणून सोडायचं, कधी कुणी सडकेवरून. आता कडी बसली आणि ते बंद झालं.

वस्ती खूश झाली. जो येईल तो म्हणायचा, "बरं केलं हणमंतानं. आता बिनघोर झालात." कोंडलेल्या माणसाबद्दल सगळे बिनघोर असतात. घोर फक्त कोंडलेल्याला असतो.

पहिल्या दिवशी त्यानं दार ढकललं. दुसऱ्या दिवशी काठीनं वाजवलं. नंतर दाराच्या फटीला तोंड लावून "हर्रर्र, हर्रर्र" करायला लागला. मेंढरं वाड्यातून बाहेर काढताना धनगर जी हाळी देतो ना, ती. सकाळ झाली की ती हाळी सुरू व्हायची आणि ऊन चढेपर्यंत चालायची. मेंढरं का निघेनात हे त्याला कळत नव्हतं. मग दमून खाली बसायचा आणि बसल्या जागी, धोतरातच व्हायचं ते व्हायचं.

एक दिवस माझी सून अलका भांडी घासता घासता उठली आणि हात न धुताच माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आत्या, मला ऐकवत न्हाई. मी रोज नळ सोडून ठेवते, आवाज येऊ नये म्हनून. टाकी रिकामी होती, तरी हाळी ऐकू येतीच."

"मग सांग की तुज्या नवऱ्याला."

"सांगितलं. म्हनला, मग तू बस राखत." ती चुलीजवळ टेकली. "मी बसले असते ओ. पन मामांच्या पायाला कोन पुरनार? आन् कुटं गेले त्येच कळत न्हाई. माज्या भावाची गाय हरवली तवा मोबाईलवर घावली. गळ्यात यंत्र हाय तिच्या."

मी पीठ मळत होते. हात थांबला.

"परत सांग."

"फलटणला मिळतं. गाय कुटं हाय त्ये मोबाईलमधी दिसतं. टिंबागत."

"गाय घावती?"

"व्हय."

"मग नवरा का न्हाई घावनार?"

अलका माझ्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, ह्यात माजं नाव घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी एक शेळी बाजारात गेली आणि मी यष्टीनं फलटणला. धारा काढायची यंत्रं आणि कडबाकुट्टी विकणारं मोठं दुकान. गल्ल्यावर गोरापान, चष्मेवाला माणूस. मला वर्दळ कमी होईपर्यंत बसवून ठेवलं आणि मग विचारलं, "बोला मावशी. गाय आहे का म्हैस?"

"नवरा."

त्यानं चष्मा वर केला. "काय म्हणालात?"

"नवरा हरवतो माजा. त्येच्यासाटी यंत्र पायजे. टिंबाचं."

"मावशी, चेष्टा करताय का?"

"शेळी इकून आलेय मी. चेष्टा करायला आमच्या वस्तीवर मानसं काय कमी हायत?"

"अहो, पण ते जनावरांचं असतं."

"त्येला कळतं व्हय, कुनाच्या गळ्यात हाय त्ये?"

"कुणाला?"

"यंत्राला."

तो हसायला लागला. मग हसू आवरलं. "नाही. त्याला फक्त हललेलं कळतं."

"मग आमचा बी हालतोय. लई हालतोय."

नंतर मात्र त्यानं नीट समजावून सांगितलं, हे कबूल केलं पाहिजे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यात सिमकार्ड, डबीला पट्टा. जिथं जाईल तिथं मोबाईलच्या नकाशावर टिंब दिसतं, आणि ज्या वाटेनं गेलं ती रेघ मागं उमटते. आठवड्याला चार्जिंग. मी निघताना म्हणाला, "माझी आई पण अशीच..." असल्या घरांना कडी कुठल्या बाजूला असते ते मला माहीत होतं.

अलकानं तिच्या मोबाईलमध्ये सगळं जोडून दिलं. हणमंत कामावर गेला तशी मी कडी काढली. म्हाताऱ्याच्या कंबरेला सदऱ्याखालून पट्टा बांधला. म्हटलं, "जा."

तो उंबऱ्यात थांबला. माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमी लई चांगल्या हाय," म्हणाला आणि गेला.

आम्ही दोघी मोबाईल घेऊन ओट्यावर बसलो. टिंब निघालं. ओढ्यापर्यंत गेलं, तिथं थोडं घुटमळलं, मग उजवीकडं वळलं आणि एका जागी थांबलं. लई वेळ थांबलं.

"बसले असतील," अलका म्हणाली.

"बसू दे. सावलीला बसला असंल."

अर्धी सकाळ टिंब तिथंच. मग मी उठलेच. दोघी पळत गेलो. टिंब होतं आमच्या थोरल्या दिराच्या, बापूच्या मक्यात. आणि मक्यात होती ओढ्याला चरायला सोडलेली माझी काळी शेळी. गळ्यात पट्टा, तोंडात मका.

जन्माचा धनगर तो. कंबरेला जनावराचा पट्टा लागल्यावर त्यानं काय करावं? सोडला, आणि ज्याचा त्याच्या गळ्यात नेऊन बांधला. सगळ्यांत खोडील शेळी बघून बांधला हेही सांगितलं पाहिजे. डोकं वाळलं म्हणतात, पण तेवढं त्याला कळत होतं. इकडं म्हाताऱ्याला मात्र एका दूधवाल्यानं सडकेवरून उचलून गाडीत घालून आणलं.

वस्तीला महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं भावकी बसली. बापू मधोमध. वय झालेला, पण शब्दाला वजन असलेला माणूस. लहानपणी त्यानं आणि म्हाकूनं एकत्र मेंढरं राखलेली. आता आमच्या माळावर सोलरचा प्लांट झाला होता, त्यात भावकीच्या सगळ्यांच्या जमिनी भाड्यानं गेल्या होत्या आणि तो व्यवहार बापूनं जुळवला होता. तेव्हापासून शब्दाचं वजन आणखी वाढलेलं.

"हणमंता," बापू म्हणाला, "बापाच्या कंबरेला जनावराचा पट्टा? मानूस हाय का रेडा?"

कुणीतरी मागून म्हणालं, "रेडा परवडला बापू, मका तरी कमी खातो!" सगळे खदाखदा हसले. हणमंत मान खाली घालून बसला होता.

थोरल्या दिरासमोर मी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. आमच्यात डोक्यावरचा पदरही हलू द्यायचा नसतो. त्या दिवशी पदर तसाच ठेवला आणि तोंड उघडलं.

"बापू, पट्टा मी बांदला. पोराला बोलू नका."

हसणं थांबलं.

"जनावराचा पट्टा म्हनता. आन् कडी कुनाची हाय ओ? मेंढरू सुदिक आपन सदा वाड्यात कोंडत न्हाई. दिस उगवला की सोडतो. न्हाई सोडलं तर वरडतं, आन् त्येचं वरडनं ऐकून धनगराच्या तोंडात घास जात न्हाई. तुमच्या भावाची हाळी तुमच्या घरापतूर येती सकाळी. तुमाला घास जातो का?"

"बाईमानसानं भावकीत..."

"बाईमानसानंच त्येचं हागमूत काडलंय. तवा बोलवायची हुती भावकी. घमेलं घेऊन आले असते तरी चाललं असतं."

बापूनं माझ्याकडं न बघता हणमंतला सांगितलं, "आई आवर तुजी."

हणमंतनं आवरली. म्हणजे दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मला सांगितलं, "साताऱ्याला आश्रम हाय, असल्या लोकांचा. नाव घालून आलोय आबाचं. परत एकदा सडकंवर घावला, की न्हेऊन सोडनार. भावकीचं बी हेच म्हननं हाय. आता तुज्या हातात."

"आन् मी?"

"तू घरी."

"म्हंजे मरंपतूर येगळं ऱ्हायाचं म्हनतोस."

"आये, आता त्येला तू कुटं वळकू येतीस?"

हे माझ्या पोरानं म्हटलं. मी आजही ते त्याला माफ केलेलं नाही, आणि माफ करण्याची घाईही नाही. त्याला मी वळकू येत नव्हते. पण मला तो वळकू येत होता ना?

तो कामावर गेला. मी कुलपाला हात लावला नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दारच उचकटलं. अलकानं दुसरी बाजू धरली. दोघींनी ते दार नेऊन उकिरड्याला टेकवलं, कुलपासकट.

मग म्हाताऱ्याची घोंगडी मागितली. देईना. झोपतानाही ती अंगावरच असायची, पावसात तिचीच खोळ, उन्हात तीच सावली. शेवटी म्हटलं, "काठ उसवलाय, शिवून देते." तेव्हा दिली, आणि शिवून होईपर्यंत समोर बसून राहिला, कुणी पळवील म्हणून. पट्टा कापून फेकला. डबी काठाच्या आत घातली आणि दाभणानं दुहेरी टाके मारले, चार्जिंगच्या वायरीपुरती फट ठेवून. आता तो ती शेळीला घालणार नव्हता.

संध्याकाळी हणमंत आला. दाराच्या जागी नुसती चौकट बघून उभाच राहिला.

"आये, ह्ये काय केलंस?"

"कुलूप तसंच हाय बग तुजं. हात सुदिक लावला न्हाई."

आतून अलका हसली. तिनं भांडं पाडून हसू लपवलं. हणमंत एवढंच बोलला, "एकदा. एकदा सडकंवर घावू दे."

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघींनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. सकाळी म्हातारा निघायचा. कामं करता करता अलका मोबाईल बघायची. टिंब ओढा ओलांडायचं, बाभळींतून जायचं, टेकाडाला वळसा घालायचं. तोवर सगळं निवांत. आणि मग ती ओरडायची, "आत्या, निघालं सडकंकडं!" की मी पदर खोचून तिच्या स्कूटीवर मागं. जन्मात गाडीवर बसले नव्हते. पहिल्या दिवशी डोळे मिटून बसले, नंतर नंतर मीच म्हणायला लागले, "दाब की जरा!" सडकेच्या अलीकडं म्हाताऱ्याला गाठायचं, "पावनं, भाकरी खायची न्हवं?" म्हणायचं, आणि तो निमूट मागं फिरायचा. भाकरीला तो कधी नाही म्हणाला नाही.

पण किती दिवस? एक दिवस गाडी पंक्चर झाली असती, एक दिवस माझं डोकं दुखलं असतं, आणि माझा नवरा साताऱ्याला गेला असता.

एका दुपारी अलका मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, ह्या रेघा बगा. समद्या दिवसाच्या एकावर एक ठेवल्यात."

मला नकाशा कुठला कळतो? पण रेघा कळल्या. रेघा वेगवेगळ्या नव्हत्याच. रोजची रेघ कालच्या रेघेवर बसलेली.

"भरकटतात म्हनतात मामांना. भरकटलेलं मानूस रोज एकाच वाटंनं जाईल का? आन् ही बगा, हितपतूर रेघ कशी नागमोडी हाय. हितनं पुढं फूटपट्टीनं मारल्यागत सरळ. सरळ सडकंला भिडती."

मी बोट ठेवलं त्या नागमोडी रेघेवर. ओढा. ओढ्यानंतर बाभळी. बाभळींनंतर डावं वळण, कारण पुढं खडक आहे आणि खडकावर कोकरांचे पाय घसरतात. मग टेकाडाला वळसा, उताराच्या अंगानं, म्हणजे गाभण मेंढ्या दमत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावर बोचकं घेऊन मी याच वळणांवरून चालले होते. पुढं म्हाकू, मागं मी, मधी मेंढरं. तो मागं वळून बघायचाही नाही, एवढा गर्विष्ठ. नुसता म्हणायचा, "आली का गं?"

ती आमची मेंढरांची वाट होती. वस्तीपासून घोणशीच्या झऱ्यापर्यंत, पाण्याला. दुपारी पाणी दाखवायचं, उन्हं कलली की त्याच वाटेनं माघारी. म्हातारा हरवत नव्हता. तो रोज कामावर जात होता.

"आन् ह्ये सरळ काय हाय?" मी विचारलं.

अलकानं मोबाईल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "सोलरची तार."

बघून आलो. आमची वाट प्लांटच्या एका कोपऱ्यातून जात होती. आता तिथं लोखंडी खांब आणि काटेरी तार. तारेजवळची माती तुडवून मऊ झालेली, आणि एका खांबाला घोंगडीची लोकर अडकलेली. म्हातारा तिथवर नीट येत होता. पुढं जायला मिळत नव्हतं. मग कुठंतरी वाट सापडेल म्हणून तारेला धरून चालत राहायचा, आणि तार त्याला सडकेवर नेऊन सोडायची.

मी त्याच रात्री जेवताना हणमंतला रेघा दाखवल्या. त्यानं बघितल्या. लई वेळ बघितल्या. मग ताट सरकवलं. "आये, तिथं फाटक करा म्हनून कंपनीला कोन सांगनार? करारात न्हाई."

"तुजी सही हाय ना करारावर?"

"बापूची बी हाय. समद्यांची हाय. जमीन दिलीया आपन."

"जमीन दिली भाड्यानं. वाट कुनी दिली?"

"वाट कागदावर नसती, आये."

"मग कागदावर न्हाई त्ये देता येतं का?"

त्यानं हात धुतला. तशीच उठून बापूकडं गेले तर बापू म्हणाला, येड्या मानसासाटी कोन तार हलवतं.

कुणीच हलवत नव्हतं. म्हणून सकाळी मी मोठी पक्कड घेतली. अलकानं मला तारेपाशी सोडलं. मी म्हटलं, "तू जा आता. तुजं नाव नको." तिनं स्कूटी स्टँडला लावली आणि चावी काढून घेतली. "राहू दे नाव," म्हणाली.

आधी पलीकडची तार तोडली, झऱ्याच्या बाजूची. मग कोपऱ्यातून वळसा घालून अलीकडं आले. तार तुटताना सटकन उडते. दंडाला चांगली ओरबाडून गेली. खालच्या दोन तारा राहिल्या होत्या तोवर प्लांटचा वॉचमन शिट्टी वाजवत पळत आला.

"ओ बाई! ओ! काय करताय? ही कंपनीची प्रॉपर्टी आहे!"

"तारच हाय ना कंपनीची? घ्या की मग. तोडून ठेवलीय, गुंडाळून न्या."

तो बिचारा परजिल्ह्यातला, नोकरदार. माझ्या हातातली पक्कड घ्यायची त्याला हिंमत झाली नाही. त्यानं फोन लावला. फोन गेला बापूला आणि बापूचा हणमंतला, कारण थोड्याच वेळात हणमंतची गाडी धुरळा उडवत आली आणि मागं बापू बसलेला.

"आये! पक्कड टाक खाली! पोलीस केस हुईल!"

"हुऊ दे."

"माजी नोकरी..."

"तुजी नोकरी तुज्यापाशी. मी कवा मागितली?"

मी शेवटची तार तोडली.

बापू गाडीवरून उतरला आणि तुटलेल्या तारेच्या बरोबर मधी येऊन उभा राहिला. काठी रोवली. "न्हाई जायाचं हितनं कुनी. हणमंता, धर तुज्या आईला."

हणमंत पुढं आला नाही. तो माझ्या मागं बघत होता. बाभळींतून म्हाकू येत होता.

घोंगडी डोक्यावर, काठी आडवी खांद्यावर, मान एका बाजूला कललेली. मागं बघून अधूनमधून "हर्रर्र" करत येत होता. मागं काहीच नव्हतं. माळ होता. पण ज्या तऱ्हेनं तो चालत होता, मधीच थांबून मागच्यांना गाठू देत होता, काठीनं कुणाला तरी आत घेत होता, ते बघून वॉचमनसुद्धा त्याच्या मागं बघायला लागला.

तो येऊन बापूच्या पुढ्यात थांबला. पोराकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं नाही. बापूला मात्र त्यानं ओळखलं. माझा नवरा, ज्याला माझं नाव सापडत नव्हतं, तो सरळ म्हणाला, "दादा, मदी काय उबा ऱ्हायलास? मेंढरं तानलीत. वाट सोड."

आणि बापू बाजूला झाला.

विचार करून नाही. विचार करायला वेळच मिळाला नाही त्याला. धनगराचा पाय तो. तहानलेली मेंढरं येताहेत म्हटल्यावर आपोआप उचलला गेला. वाटेवरून उतरून बापू गवतात उभा राहिला, काठी आडवी धरली, कळप त्या बाजूला फुटू नये म्हणून. म्हाकू तारेतून आत गेला. बापू काठी धरून तसाच उभा. कळप जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं की सगळे आपल्याकडं बघतायत. त्यानं काठी खाली घेतली. पटक्याच्या सोग्यानं तोंड पुसत वस्तीकडं चालत निघाला, गाडीची वाट न बघता.

हणमंत माझ्याजवळ आला. मग मला म्हणाला, "आये, तू आबाच्या मागं जा. हितलं मी बगतो. जा, लांब गेला त्यो."

"मागं कशाला जाऊ?" मी म्हटलं. अलकानं मोबाईल त्याच्यापुढं धरला. टिंब झऱ्याच्या दिशेनं निघालं होतं. नागमोडी. सडक त्याच्या पाठीमागं राहिली होती. हणमंतनं मोबाईल हातात घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बघत राहिला.

वॉचमन घसा खाकरून म्हणाला, "मला वर कळवावं लागेल. कुणी तोडलं म्हणून सांगू? बाई, नाव सांगा."

हणमंतनं मान वर केली. काहीतरी बोलणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही.

"केराबाई म्हाकू खरात," मी म्हटलं. "पुरं सांग. आन् तार जोडलीत तर उद्या परत येनार हाय, त्ये बी सांग."